विंडसरचा किल्ला आणि एका हरणाची किंमत

प्रवासवर्णन लिहिण्याचा प्रस्तुत लेखकाचा पिंड नाही आणि ह्या पृष्ठावर त्याला जागाही नाही. तरीही गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे इंग्लंडला गेलो असता अर्ध्या दिवसाच्या सवडीत विंडसरचा किल्ला पाहिला, त्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात. त्या अर्ध्या दिवसाने माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनातली एक चूक माझ्या पदरात घातली. ती चूक निव्वळ खाजगी असती तर तिची वाच्यता करण्याचे कारण नव्हते. परंतु जंगलावरच्या आणि जमिनीवरच्या हक्कांसाठी जे कार्यकर्ते गावोगाव कागद गोळा करीत हिंडत आहेत, त्यांच्या कामाशी तिचा संबंध पोचतो, म्हणून हा प्रपंच.

माझी मुलगी स्लाउ नावाच्या गावात राहते. लंडनच्या पश्चिमेला असलेले हे गाव कामगारांचे. १९२० साली येथे लष्करी मोटारींच्या दुरुस्तीच्या जागेवर कारखान्यांची वसाहत उभी राहिली. १९३० नंतरच्या मंदीत वेल्समधले बेकार खाणकामगार पोटासाठी येथे आले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पंजाबी, पाकिस्तानी, वेस्ट इंडियन व पोलिश कुटुंबे आली. ह्या गावाहून विंडसरला जाणारी छोटी आगगाडी सहा मिनिटांत पोचते. सहा मिनिटांत माणूस इंग्लंडच्या एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातो. वाटेत टेम्स नदी लागते, तिच्या काठी ईटनची शाळा दिसते. सहाव्या हेन्रीने १४४० साली ती स्थापन केली आणि सत्तर गरीब विद्यार्थ्यांच्या मोफत शिक्षणाची सोय केली. पुढे त्याच शाळेतून वीस पंतप्रधान बाहेर पडले. गरिबांसाठी काढलेल्या संस्था श्रीमंतांच्या कशा होतात ह्याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही, हे आपल्याकडील सहकाराच्या अभ्यासकांना सांगायला नको.

किल्ल्याचे प्रवेशशुल्क माणशी तीस पौंडांच्या वर आहे. मुलीने ते आधीच भरून ठेवले होते, त्यामुळे माझ्यातल्या अर्थशास्त्रज्ञाला कुरकुर करण्यापलीकडे काही उरले नव्हते. सौभाग्यवती, मुलगी, नऊ वर्षांची नात आणि मी असे चौघे दुपारी एकच्या सुमारास आत गेलो. दारापाशीच नातीने विचारले, "आजोबा, हा किल्ला कुणाचा?"

मी म्हणालो, "राजाचा."

"त्याने विकत घेतला?"

"नाही. त्याला मिळाला."

"कुणाकडून?"

हा तिसरा प्रश्न मला दिवसभर पुरला.

वास्तू म्हणून किल्ला देखणा आहे ह्यात शंका नाही. सुमारे तेरा एकरांचा विस्तार, मध्ये मातीच्या उंच टेकाडावर गोल बुरूज, एका अंगाला सेंट जॉर्जचे प्रार्थनामंदिर, दुसऱ्या अंगाला राजवाड्याची दालने. विजेता विल्यम ह्याने १०७० च्या सुमारास टेम्सच्या खोऱ्यावर पहारा ठेवण्यासाठी येथे माती व लाकडाचा कोट घातला. इंग्लंड नुकतेच जिंकलेले होते. हा कोट शत्रूपासून प्रजेच्या रक्षणासाठी नव्हता, प्रजेपासून राजाच्या रक्षणासाठी होता. शंभर वर्षांनी दुसऱ्या हेन्रीने लाकडाच्या जागी दगड आणला. पुढे तिसऱ्या एडवर्डने त्याचे रूपांतर राजवाड्यात केले.

हा तिसरा एडवर्ड आपण थोडा बारकाईने पाहिला पाहिजे. त्याने आपल्या कारकीर्दीत विंडसरच्या बांधकामावर सुमारे ५१,००० पौंड खर्च केले. त्याचे सर्वसाधारण वार्षिक उत्पन्न ३०,००० पौंडांच्या आसपास होते. म्हणजे दीड वर्षाचे सबंध राजउत्पन्न ह्या एका वास्तूत गेले. मध्ययुगात इंग्लंडच्या कुठल्याही राजाने एका वास्तूवर इतका खर्च केला नाही. त्यातला काही पैसा फ्रान्समधील लढायांच्या मिळकतीतून आला. आणि श्रम कुठून आले? १३४८ साली एडवर्डने येथे गार्टर ह्या सरदारमंडळाची स्थापना केली, आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या किनाऱ्याला प्लेगची साथ लागली. पुढल्या दोन वर्षांत लोकसंख्येचा तिसरा हिस्सा, काहींच्या मते त्याहूनही अधिक, मृत्युमुखी पडला. काम करणारे हात कमी झाले, तेव्हा उरलेल्या हातांनी जास्त मजुरी मागितली. बाजाराचा नियम येथे मजुराच्या बाजूने होता. म्हणून राजाने बाजाराचा नियम मोडला. १३४९ चा हुकूम आणि १३५१ चा मजुरांचा कायदा ह्यांनी साथीपूर्वीच्या दरापेक्षा जास्त मजुरी मागणे हा गुन्हा ठरवला. विंडसरच्या कामासाठी तर निरनिराळ्या परगण्यांच्या शेरीफांना फर्माने गेली की अमुक इतके गवंडी आणि पाथरवट पकडून पाठवा. यॉर्कशायरहून आणलेल्या गवंड्यांना लाल पोशाख दिल्याचा उल्लेख तत्कालीन हिशेबांत आहे. हेतू हा की वाटेत कुणी पळाला तर ओळखता यावा.

मुक्त बाजारपेठेची स्तोत्रे जे लोक आपल्याला रात्रंदिवस ऐकवतात, त्यांनी ह्या लाल पोशाखाचा थोडा विचार करावा. मजुरी घसरत असते तेव्हा बाजार हा निसर्गनियम असतो. मजुरी चढू लागली की तो कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न होतो. दालनांतून फिरताना कानाला लावायचे जे यंत्र मिळते, त्यात शिल्पाची, चित्रांची, सिंहासनांची माहिती आहे. लाल पोशाखातला गवंडी माझ्या तरी कानी आला नाही.

आज पाहणाऱ्याला किल्ल्याचे जे रूप मध्ययुगीन वाटते, त्यातले बरेचसे खरे तर एकोणिसाव्या शतकातले आहे. चौथ्या जॉर्जने १८२४ पासून वायटव्हिल ह्या वास्तुशिल्पज्ञाकडून त्याची नवी उभारणी केली. गोल बुरूज सुमारे तीस फुटांनी उंच केला गेला, का, तर दुरून तो रुबाबदार दिसावा म्हणून. संसदेने आरंभी तीन लाख पौंड मंजूर केले. प्रत्यक्ष खर्च त्याहून पुष्कळ वर गेला. हा काळ कोणता? १८१९ साली मँचेस्टरमध्ये मताधिकार मागणाऱ्या निःशस्त्र जमावावर घोडदळ घातले गेले, तो. जॉर्ज १८३० च्या जूनमध्ये ह्याच किल्ल्यात वारला. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात दक्षिण इंग्लंडमधील शेतमजुरांनी मळणीयंत्रे मोडली, त्यात विंडसरचा बर्कशायर परगणाही होता. मागणी होती पोटापुरत्या मजुरीची. एकोणीस जण फासावर गेले आणि शेकड्यांनी मजूर ऑस्ट्रेलियाकडे हद्दपार झाले. बुरूज मात्र तीस फूट उंच झालेला राहिला.

आपला माणूस विंडसरला जातो तो बहुधा टिपू सुलतानाची आठवण शोधत. तेही मी पाहिले. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, तेव्हा टिपूचे सुवर्णमंडित सिंहासन लुटीच्या वाटपासाठी फोडण्यात आले. त्या सिंहासनाला आधार देणारे वाघाचे सोनेरी मस्तक ईस्ट इंडिया कंपनीने १८३१ साली चौथ्या विल्यमला नजर केले. ते येथे काचेच्या कपाटात आहे. स्फटिकाचे दात, उघडा जबडा. त्याच सिंहासनावरचा रत्नजडित हुमा पक्षी त्याआधीच तिसऱ्या जॉर्जकडे पोचला होता. ते पाहून मनात चीड येते, आणि यावीच. श्रीलंकेतील कँडीच्या राजाचे सिंहासन व मुकुट ह्याच किल्ल्यात होते. १९३४ साली ते परत केले गेले. म्हणजे परत करता येते, हे सिद्ध आहे. तथापि ह्या रागात आपण एक प्रामाणिकपणा पाळला पाहिजे. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहात टिपूचे निम्मे राज्य तोडून घेण्यात आले, तेव्हा कंपनी आणि निजाम ह्यांच्याबरोबर पेशव्यांनीही आपला वाटा उचलला होता. दुसरे असे की, ह्या काचेच्या कपाटापाशीच आपला राग संपला तर किल्ला पाहून झाला असे होत नाही. लुटीची जी वस्तू कपाटात ठेवता येते ती निदान दिसते. जी लूट कपाटात मावत नाही, ती पाहण्यासाठी उत्तरेकडच्या गच्चीवर जावे लागते.

गच्चीवरून नदीपलीकडे ईटन आणि त्यापलीकडे आमचे स्लाउ दिसते. किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाला, दक्षिणेस व पश्चिमेस, विंडसरचे राजवन पसरलेले होते. त्याचा काही भाग आज उद्यानाच्या रूपाने शिल्लक आहे. आणि नदीच्या काठाने खाली पाच-सहा किलोमीटर गेले की रनिमीडचे कुरण लागते. जून १२१५ मध्ये जॉन राजाने ह्या कुरणावर मॅग्ना कार्टा ह्या सनदेवर शिक्का उठवला हे शाळेतले मूलही जाणते. तिच्या जोडीला एक दुसरी सनद होती, ती मात्र आपण विसरलो आहोत. मीही विसरलो होतो. ६ नोव्हेंबर १२१७ रोजी, जॉनचा अल्पवयीन मुलगा तिसरा हेन्री गादीवर असताना, वनसनद जाहीर करण्यात आली.

ह्या वनसनदेचे महत्त्व समजण्यासाठी 'फॉरेस्ट' ह्या शब्दाचा तेव्हाचा अर्थ ध्यानी घ्यावा लागेल. नॉर्मन राजांच्या काळात तो शब्द झाडीचा निदर्शक नव्हता, कायद्याच्या हद्दीचा होता. ज्या प्रदेशावर राजाने शिकारीसाठी वनाचा कायदा लागू केला, तो 'फॉरेस्ट'. त्यात गावे होती, शेते होती, गायराने होती. आपल्याकडे नकाशावर 'राखीव वन' असा शिक्का पडतो आणि प्रत्यक्षात तेथे पिढ्यान्‌पिढ्यांची भातखाचरे असतात, तसाच हा प्रकार. ह्या हद्दीत हरीण मारणाऱ्याचे डोळे काढण्याच्या, अवयव तोडण्याच्या, जीव घेण्याच्या शिक्षा होत्या. वनसनदेने राजांनी नव्याने वनात ओढलेली पुष्कळ जमीन मोकळी केली. तेथे राहणाऱ्यांचे डुकरे चारण्याचे, सरपण घेण्याचे, गुरे नेण्याचे वहिवाटीचे हक्क मान्य केले. आणि एक कलम असे घातले की, हरणाच्या कारणास्तव येथून पुढे कुणाही माणसाचा प्राण अथवा अवयव घेतला जाणार नाही. गुन्हेगाराने दंड भरावा; दंडाला पैसा नसेल तर एक वर्ष आणि एक दिवस तुरुंगात राहावे; त्यानंतर जामीन मिळाला नाही तर देश सोडावा. पण जीव घ्यायचा नाही. मॅग्ना कार्टा ही मुख्यतः सरदारांची सनद होती. चुलीतल्या सरपणापर्यंत पोचलेली सनद ती ही.

आता ह्याच वनात पाचशे सहा वर्षे पुढे येऊ. १७२३ साल. राजसत्तेला संसदेने लगाम घातलेला आहे, १६४९ साली एका राजाचे मस्तक उडवलेले आहे आणि त्याचे धड ह्याच किल्ल्यातल्या प्रार्थनामंदिराखाली पुरलेले आहे. सत्ता जमीनदारांच्या संसदेकडे आहे आणि वॉल्पोल हा प्रमुख मंत्री आहे. विंडसरच्या वनात हरणांची संख्या वाढवली जात आहे, वनरक्षकांचा जाच वाढला आहे, आणि हरणे शेतकऱ्यांची उभी पिके खात आहेत. काही गावकरी तोंडाला काजळी फासून रात्री हरणांवर धाड घालू लागले. त्यांत मजूर होते, कारागीर होते, बऱ्यापैकी जमीन असलेले शेतकरीही होते. संसदेने अवघ्या काही आठवड्यांत एक कायदा संमत केला. तोंड काळे करून वा वेष पालटून, शस्त्रासह वनात दिसणे हाच मुळी फाशीचा गुन्हा ठरला. हरणे मारणे, तळ्यांचे बांध फोडणे, लावलेली झाडे तोडणे, गंजी पेटवणे, धमकीची पत्रे पाठवणे, अशी सुमारे पन्नास कृत्ये त्या एका कायद्याने देहान्ताच्या शिक्षेत आणली. काजळी फासलेल्या तोंडांवरून त्याला ब्लॅक अ‍ॅक्ट म्हणतात. आपण जनतेवर लादलेल्या कायद्याला काळा कायदा म्हणतो, तेव्हा ते विशेषण आपण कायद्याला लावतो. इंग्रज सत्ताधाऱ्यांनी ते प्रजेच्या तोंडाला लावले, एवढाच फरक. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा शंभर वर्षे टिकला. १८२३ साली त्याचा मोठा भाग रद्द झाला.

वनसनद त्या वेळी रद्द झालेली नव्हती. ती कायद्याच्या पुस्तकात १९७१ सालापर्यंत होती. म्हणजे हरणासाठी माणसाचा जीव घ्यायचा नाही असे सांगणारा कागद आणि हरणामागे काळ्या तोंडाने लागणाऱ्याला फाशी द्या असे सांगणारा कागद, दोन्ही एकाच पुस्तकात नांदत होते. एकामागे संसद होती, न्यायाधीश होते, फाशीचा खांब होता. दुसऱ्यामागे सरपण गोळा करणारी बाई होती.

ब्रिटिश इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन ह्यांनी १९७५ साली 'व्हिग्ज अँड हंटर्स' हा ग्रंथ ह्या विषयावरच लिहिला. त्या ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी मांडलेला निष्कर्ष त्यांच्या डाव्या मित्रांपैकी अनेकांना रुचला नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, कायदा हे सत्ताधारी वर्गाचे हत्यार आहे हे खरे, पण तेवढेच खरे नाही. कायद्याला न्यायाचे रूप धारण केल्यावाचून लोकांवर पकड ठेवता येत नाही. आणि ते रूप धारण केले की कधीकधी त्याचे बंधन धारण करणाऱ्यावरही पडते. म्हणून कायद्याचे राज्य ही गोष्ट फेकून देण्याजोगी नाही. मी निवृत्तीनंतर हे पुस्तक पुन्हा वाचले. आपल्या अभ्यासवर्गांत 'कायदा म्हणजे काय, मालकाचा सोटा' हे वाक्य सुलभपणे उच्चारणाऱ्या तरुण मित्रांना मी ते वाचायला सांगेन. आणि 'कायदा झाला, आता काम झाले' असे मानणाऱ्या ज्येष्ठ मित्रांनाही तेच सांगेन.

आता माझी चूक. पदव्युत्तर वर्गाला मी इंग्लंडचा आर्थिक इतिहास शिकवीत असे. त्यात कुंपणबंदीचा भाग दोन तासांत उरकत असे. १६०४ ते १९१४ ह्या काळात संसदेने ५,२०० हून अधिक कुंपणबंदीचे कायदे केले. अडुसष्ट लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या भूमीचा पाचवा हिस्सा, सामायिक वहिवाटीतून खाजगी मालकीत गेला. हे आकडे मी फळ्यावर लिहीत असे. त्याखाली लिहीत असे: शेतीची उत्पादकता वाढली, श्रमशक्ती कारखान्यांसाठी मोकळी झाली, औद्योगिक क्रांतीचा पाया घातला गेला. विद्यार्थी ते उतरवून घेत आणि परीक्षेत मला परत करीत. 'श्रमशक्ती मोकळी झाली' ह्या तीन शब्दांत कुणाची गाय गेली, कुणाचे सरपण गेले, हे मी एकदाही विचारले नाही, आणि कुणी विद्यार्थ्यानेही विचारले नाही. विंडसरचे वन १८१३ च्या कायद्याने असेच कुंपणात गेले. कागदावर मालकी दाखवू शकणाऱ्याला ह्या कायद्यांनी तुकडा दिला. ज्याच्यापाशी केवळ वहिवाट होती त्याच्या हाती बहुधा काही लागले नाही. नऊ वर्षांच्या मुलीने 'कुणाकडून?' असे विचारले, तेव्हा मला प्रथम आठवले ते हे.

तर किल्ला कुणाचा? कायद्याचे उत्तर असे की तो राजपदाच्या नावे आहे. राजाला तो विकता येत नाही. २० नोव्हेंबर १९९२ रोजी किल्ल्याला आग लागली, शंभरावर खोल्या होरपळल्या. विमा नव्हता. दुरुस्ती सरकारी तिजोरीतून होईल असे मंत्र्यांनी सांगितले, तेव्हा मंदीने गांजलेली जनता खवळली. वास्तू राजाची आणि आग मात्र आमची, हा हिशेब लोकांना पटला नाही. अखेर बकिंगहॅम राजवाडा १९९३ पासून उन्हाळ्यात लोकांना तिकीट लावून खुला करण्यात आला आणि दुरुस्तीच्या सुमारे साडेछत्तीस दशलक्ष पौंडांपैकी मोठा हिस्सा त्या तिकिटांतून उभा राहिला. त्याच वर्षापासून राणीने प्राप्तिकर भरण्यास सुरुवात केली. म्हणजे लोकांनी आवाज उठवला तेव्हा राजघराण्यालाही हिशेब द्यावा लागला, हे विसरता कामा नये.

परंतु खरी संपत्ती किल्ल्यात नाहीच. १७६० साली तिसऱ्या जॉर्जने राजजमिनींचे उत्पन्न संसदेच्या स्वाधीन केले आणि बदल्यात नेमणूक घेतली. ह्या जमिनींचा कारभार आज क्राउन इस्टेट ही संस्था पाहते. विंडसरचे मोठे उद्यान तिच्याकडे आहे, तसाच इंग्लंडच्या किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्राचा तळही. समुद्रात पवनचक्क्या उभारायच्या तर त्या तळाचे भाडे तिला द्यावे लागते. ह्या भाड्यांमुळे २०२३-२४ साली तिचा नफा एक अब्ज दहा कोटी पौंडांवर गेला. नफा सरकारी तिजोरीत जातो हे खरे. पण २०१२ पासून राजाचे अनुदान त्या नफ्याच्या टक्केवारीत ठरते. टक्केवारी नुकतीच बारावर आणली गेली, तरीही अनुदान २०२४-२५ च्या ८ कोटी ६३ लाख पौंडांवरून २०२५-२६ साली १३ कोटी २१ लाखांवर चढले. वन होते तोवर राजाचा वाटा हरणांत होता. आता तो वाऱ्यात आहे.

येथे वाचक विचारील, आपल्याला ह्याचे काय? १८७८ हे एक वर्ष सांगतो. लंडनच्या ईशान्येला एपिंग नावाचे वन आहे. तेथील जमीनदारांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कुंपणे घालायला प्रारंभ केला. लाउटन गावच्या विलिंगेल नावाच्या मजूर कुटुंबाने वहिवाटीप्रमाणे फांद्या तोडणे थांबवले नाही. १८६६ साली घरातल्या तरुणांना तुरुंगात जावे लागले. त्यातून लंडनमध्ये चळवळ उभी राहिली, खटले चालले, आणि १८७८ साली संसदेने कायदा करून एपिंगचे वन जनतेसाठी कायम मोकळे ठेवले. त्याच १८७८ साली त्याच साम्राज्याने हिंदुस्थानात वनकायदा केला आणि लक्षावधी एकर जंगल 'राखीव' म्हणून गावकऱ्यांना बंद केले. जे लंडनच्या मजुराला लढून मिळाले, ते ठाणे-खानदेशच्या आदिवासीकडून त्याच वर्षी काढून घेण्यात आले. जोतीराव फुल्यांनी त्यानंतर चार-पाच वर्षांतच लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्याने गायराने गिळल्याची तक्रार केली आहे. ती वाचताना विंडसरचा तो काजळी फासलेला गावकरी मला आठवतो.

आपली वनसनद २००६ साली आली. वनहक्क कायद्याने, पूर्वी झालेल्या अन्यायाची स्पष्ट कबुली देऊन, वहिवाटीचे हक्क मान्य केले. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली गावाने आपला बांबू आपल्या परवान्याने विकला. पण १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना जंगलाबाहेर काढण्याचा आदेश दिला. देशभर गदारोळ झाल्यावर त्याच महिन्याच्या २८ तारखेला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. पंधरा दिवसांच्या ह्या अंतरात आपल्या साऱ्या प्रश्नाचे सार आहे. कागद तोच होता. पहिल्या तारखेला त्याच्यामागे कुणी उभे दिसले नाही. दुसऱ्या तारखेला दिसले.

म्हणून गावोगाव दाव्यांचे अर्ज भरून घेणाऱ्या आणि वर्षानुवर्षे त्यांची फाइल हलत नाही म्हणून निराश होणाऱ्या कार्यकर्त्यांना मला एवढेच सांगायचे आहे, की हे काम कारकुनी नव्हे. विंडसरच्या वनात सनद हरली, कारण पाचशे वर्षांत ती वकिलांच्या कपाटात गेली होती. एपिंगच्या मजुरांच्या हाती केवळ वहिवाट होती. ते वन मोकळे राहिले, कारण एक मजूर कुटुंब दर हिवाळ्यात कुऱ्हाड घेऊन जात राहिले. ज्या गावाला हक्क मिळाला आहे त्या गावाने ग्रामसभा भरवली नाही, हद्द फिरून पाहिली नाही, आपला बांबू आपण विकला नाही, तर मिळालेला कागदही हळूहळू काचेच्या कपाटात जाऊन बसेल.

चार वाजून गेले तसे आम्ही बाहेर पडलो. किल्ल्याच्या दक्षिणेला सरळ चार किलोमीटरांची दुतर्फा झाडांची वाट आहे. तिथे तिकीट लागत नाही. स्लाउचे काही पंजाबी म्हातारे तेथे संध्याकाळचे फिरायला आले होते, पोरे चेंडू खेळत होती. थोडे पुढे गेल्यावर फाटकाशी पाटी होती, आत हरणे आहेत, कुत्रे बांधून ठेवा. नात हरणांसाठी हटून बसली, पण तिच्या आजीचे गुडघे दुखू लागले होते आणि गाडीची वेळ झाली होती.

परतताना गाडीत तिने पुन्हा विचारले, "आजोबा, तुम्ही सांगितलंच नाही. किल्ला त्याला कुणाकडून मिळाला?"

मी म्हणालो, "ज्यांनी बांधला त्यांच्याकडून."

"मग त्यांनी परत मागितला नाही?"

सहा मिनिटांचा प्रवास संपला होता, स्लाउ आले होते. उत्तर तिला पुढल्या खेपेस सांगेन. तोवर ते आपण सर्वांनी मिळून शोधायला हवे.